गप्प झालेली व्हॅन

शाळा अजून दोन चौक लांब होती आणि ताईच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. मुलं एका दोरीला धरून रांगेत चालत होती. पुढे ती, शेवटी मी. गारठा असा की बोलताना सगळ्यांच्याच तोंडातून वाफ निघत होती. तिच्या तोंडून जरा जास्तच.

"मावशी, आज गाडी का नाही?" एका चिमुरडीने विचारलं.

"कारण गाडीच्या मालकाला अक्कल नाही. घरी जाऊन अस्संच सांग."

"ताई, मुलांसमोर काय हे!"

"मुलांसमोरच. हाडं त्यांची आहेत."

ताई माझी थोरली बहीण. शाळेची व्हॅन ती चालवते, मुलांना चढवा-उतरवायला मी. तिचा राग अख्ख्या गल्लीला पाठ आहे. लहानपणी एका दांडगट पोराने माझ्या सायकलचं चाक वाकवलं, तर तिने त्याला रस्त्यात बसवून ते सरळ करायला लावलं होतं. आई म्हणायची, ही जन्मली तीच मुठी आवळून. पण गाडीवर बसली की हात लोण्यासारखे. मागे पेंगणाऱ्या मुलाची मान हलू नये म्हणून ती वळणसुद्धा हळू घेते.

थंडी पडली तशी व्हॅन करकरायला लागली. सकाळी खड्ड्यातून गेली की पुढच्या डाव्या चाकापाशी जुनं दार उघडल्यासारखा आवाज. ऊन वर आलं की गप्प. ताईने मालकाला सांगितलं, चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या आर्ममधलं रबरी बुश थंडीने कडक होतंय, तपासून घ्या. मालकाने गाडी गॅरेजला नेली ती भर दुपारी. मग आवाज कुठला येतोय! गॅरेजवाला म्हणाला, रात्रभर बाहेर राहू द्या, सकाळी गार असतानाच ऐकू. मालक म्हणाला, एवढा वेळ कुणाला आहे, तू फक्त आवाज बंद कर. गॅरेजवाल्याने हाताशी होतं ते ऑइल मारलं.

आवाज बंद झाला. पालक खूश, मालक खूश. मीसुद्धा देवाचे आभार मानले. ताई मात्र रोज जास्तच धुमसायला लागली. "रबराला कुणी ऑइल पाजतं का? फुगतं, सडतं ते. करकरत होती तेव्हा निदान कळत तरी होतं."

आणि आज गतिरोधकावर करकर नाही, धप्प झालं. स्टिअरिंग तिच्या हातात हललं. तिने गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि मुलांना खाली उतरवलं.

मुलं शाळेत पोचवून आम्ही चालत परत आलो, तर गाडीशी मालक उभा. कानटोपीतून नुसतं नाक बाहेर.

"आता तर आवाजही नाही! मग हा तमाशा कशाला?"

ताईने स्टिअरिंग फिरवलं. डावं चाक बाहेर वळवून तिने त्याच्यामागे हात घालायला जागा केली आणि मला म्हणाली, "चढ पायरीवर, दे झोके. देवाने तुला एवढं वजन दिलंय, ते आज सार्थकी लागू दे."

मी चढले, देवाचं नाव घेतलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. गाडी खालीवर व्हायला लागली. ताईने मालकाचं मनगट धरून त्याचा हात आत नेला, आर्म जिथे सांगाड्याला जोडलेला असतो तिथे.

"कळतंय?"

धप्प झालं तसा त्याने हात मागे घेतला. बोटांना काळा लगदा. बुश म्हणून जे होतं ते एवढंच उरलं होतं.

"बरं, बदलू की," तो म्हणाला. "उद्या. दुपारी मुलं कोण आणणार? तुला भीती वाटत असेल तर माझा मेहुणा आणेल. दे किल्ली."

"आधी बुश."

"गाडी माझी आहे!"

"मुलं तुमची नाहीत!"

दुसरी किल्ली त्याने केव्हाच हरवली होती, म्हणून तर एवढा आरडाओरडा. तो हात पुढे करून सरकला. ताई माझ्याकडे वळली. तिने किल्ली माझ्या तळहातावर दाबली आणि माझी बोटं एकेक करून मिटली.

"तू रोज प्रार्थनेला बसतेस ना? सरळ घरी जा, ही मुठीत घे आणि बस. प्रार्थनेला बसलेल्या बाईच्या मुठीतून किल्ली काढायची ह्याची छाती नाही. दुपारी मुलांना मी पायी चालवत आणीन. नवं बुश बसलं असं मी स्वतः येऊन सांगेपर्यंत डोळे उघडू नकोस."