भात वेळायचा स्टँड

आमच्या वर्कशॉपचं सगळं काम किलोच्या भावानं विकलं जायचं. खिडकीची जाळी असो, गेट असो की जिन्याचा कठडा, लोखंड किती लागलं तेवढाच हिशोब. त्यामुळे आमच्या सगळ्यात जुन्या बिल्डरनं फोन करून सांगितलं की पुढच्या बिल्डिंगच्या जाळ्या तो दुसरीकडून घेणार आहे, तेव्हा दादाला भांडायलाही जागा नव्हती. दुसरा किलोमागे कमी घेत होता. जाळी तशीच, रंगही तसाच.

मी त्याच उन्हाळ्यात पुण्याची नोकरी सोडून भिलाईला परत आले होते. पुण्यात मी मिक्सर, इस्त्री अशा घरातल्या वस्तूंचं डिझाइन करायचे. वर्कशॉपची ही शेड बाबांनी स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर दादाला घेऊन दिली होती. भंडाऱ्याकडची शेती सोडून आलेल्या माणसाला मुलाचा स्वतःचा धंदा असणं ही फार मोठी गोष्ट वाटायची.

त्या दिवशी स्मृति नगरच्या घरी आम्ही जेवायला बसलो. दादा म्हणाला, "बंद करून टाकतो. रायपूरले एका फॅक्टरीत सुपरवायझरची जागा आहे."

आई पोळी वाढता वाढता थांबली.

मी म्हटलं, "दादा, त्या दुसऱ्याच्या जाळीत अन् आपल्या जाळीत काही फरकच नाही, तर बिल्डर आपल्याकडे कायले येईल?"

"मंग काय करू? जाळीले फुलं लावू?"

डिझाइन म्हणजे फुलं, हे त्याचं मत तेव्हा पक्कं होतं. आणि खरं सांगायचं तर वेगळं काय करायचं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात आईच्या मैत्रिणीचा हात भाजला. आम्ही तिला मावशी म्हणतो. नेहरू नगरात कोचिंगच्या मुलांसाठी तिची मेस आहे. आईला घेऊन मी तिथे गेले, तर मावशी कोपरापर्यंत पट्टी बांधून स्वयंपाकघरातच उभी होती. शिजलेल्या भातातली पेज काढायची, भात वेळायची वेळ झाली होती. दोन बायांनी फडक्यांनी गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, दोन्ही कड्या धरल्या. गुडघ्याएवढा उंच गंज, काठोकाठ उकळती पेज आणि भात. त्यांनी तो उचलून खालच्या टबावर कलता केला. तोपर्यंत हसत-बोलत असलेलं स्वयंपाकघर एकदम गप्प झालं. भाजी चिरणारीचा हात थांबला. पेजेची धार आधी जवळ पडली, मग गंज जास्त कलल्यावर लांब पडायला लागली, आणि एक बाई गंज न सोडता पायानं टब पुढे ढकलत होती.

"सावकाश," मावशी हळूच म्हणाली.

गंज परत खाली टेकला तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. मीही.

"असं रोज दोन वेळा?" मी विचारलं.

"मंग? पोरं उपाशी ठेवू काय?"

नंतर काही दिवस मी रोज सकाळी तिथे जाऊन भिंतीशी उभी राहायचे. मग दादाला म्हटलं, आपण गंज कलता करायचा एक स्टँड बनवू. एकट्या बाईला, न उचलता भात वेळता आला पाहिजे.

"उकळतं पाणी आहे ते," दादा म्हणाला. "तुले वाटते तितकं सोपं नाही." पण शेडमध्ये काम नव्हतं, म्हणून तो तयार झाला.

पहिला स्टँड दिसायला चांगला होता. चौकट, गंज बसवायचं कडं, गंज फिरावा म्हणून कड्याच्या मधोमध दोन्ही बाजूंना दोन खिळी आणि कलतं करायला लांब दांडा. शेडमध्ये थंड पाण्यानं भरून आम्ही तो पुन्हा पुन्हा पाहिला. कुठेच अडलं नाही.

मेसमध्ये अडलं. पाणी सरळ वाहून जातं, पण शिजलेला भात ढिगासारखा थांबतो आणि मग एकदम घसरतो, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. गंज अर्धा कलला आणि सगळा भात एका क्षणात तोंडाशी आला. दांडा मेसमधल्या बाईच्या हातातून उसळला. दादानं तिला कमरेला धरून मागे ओढलं आणि दोघं तांदळाच्या पोत्यांवर जाऊन आदळले. उकळती पेज वाफाळत जमिनीवरून मोरीपर्यंत गेली. त्या पेजेत तिची एक चप्पल राहिली होती. भाजलं कुणाला नाही. पण त्या चपलेकडे सगळेच बघत होतो.

मावशी बायांना म्हणाली, "पुसून घ्या. अन् दुसरा भात मांडा, पोरं येतीन."

शेडवर टेम्पोतून स्टँड उतरवताना दादा म्हणाला, "प्रयोग करायले माणसं नसतात. तुह्या पुण्यात चालत असन."

त्यानंतर आमचं बोलणं जवळजवळ बंद झालं. घरी आई एकाचा निरोप दुसऱ्याला सांगायची. मी मात्र कागदावर रेघा मारत राहिले. धार जवळून लांब जात होती, कारण गंज मधोमध फिरत होता. खिळी तोंडाशी असत्या आणि तो तिथे फिरला असता तर धार एकाच जागी पडली असती, टब सरकवावा लागला नसता आणि भात घसरला तरी झोका बसला नसता. पण मग पूर्ण गंजाचं वजन एका बाजूनं उचलावं लागणार होतं. कोणत्या बाईच्या हाताला ते जमणार? ते चित्र मी दादाच्या टेबलावर ठेवलं. त्यानं ते बाजूला सारलं. निदान मला तसं वाटलं.

एका दुपारी शेडमध्ये गेले तर तो भंगार बाजारातून आणलेला एक गिअरबॉक्स उघडून बसला होता. शेजारी माझं चित्र होतं, त्यावर ग्रीसची बोटं उमटलेली.

"हे पाह्य," तो वर न बघता म्हणाला. "चाक फिरवलं तरच हा गिअर फिरते. चाक सोडलं का जागच्या जागी थांबते. उलटा येतच नाही. वजन कितीही असू दे, हळूहळू उचलते."

बाबाही आले होते. त्यांनी जोडलेल्या कड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. कडं हललं नाही. बाबा खुर्चीवर जाऊन बसले.

या वेळी आम्ही शेडमध्येच भात शिजवला. चाकाला दादानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्यानं भात वेळला, परत शिजवायला लावला, परत वेळला. वेल्डर वैतागून म्हणाला, आता एवढा भात खायचा कोणी?

मेसमध्ये गेलो त्या सकाळी मावशीची पट्टी निघालेली होती. हाताची कातडी अजून गुलाबी होती. बाया मागे सरकून उभ्या राहिल्या. कुणीच पुढे येईना.

"मीच फिरवीन," मावशी म्हणाली.

दादा तिच्या आणि गंजाच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"सरक. तू मधात उभा राहशील तर मले दिसन काय?"

तो सरकला, पण एक हात पुढे धरूनच. मावशीनं चाक फिरवायला सुरुवात केली. गंज कलला. धार टबात पडली. आणखी कलला. भात आतल्या आत घसरल्याचा जड आवाज आला. गंज हलला नाही. मग मावशीनं मुद्दाम चाक सोडून दिलं. दोन्ही हात वर. दादा ओरडणारच होता. गंज होता तिथेच, तसाच कलता, आणि धार टबाच्या त्याच जागी पडत होती. मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि परत चाक धरलं.

भात वेळून व्हायच्या आतच मागच्या बाया बोलायला लागल्या होत्या, कुणाच्या तरी सुनेबद्दल.

लग्नांची जेवणं करणारा एक केटरर तो स्टँड पाहून शेडवर आला. त्यानं सगळीकडून हात फिरवला आणि विचारलं, "लोखंड किती किलो?"

दादानं फडक्याला हात पुसले; आता तो वजन सांगून मोकळा होणार, असं मला वाटलं.

"वजन नाही केलं," तो म्हणाला. "तुमच्या आचाऱ्यांचे हात भाजतात का, ते सांगा."

तो माणूस बघतो म्हणून निघून गेला. बरेच दिवस फोन आला नाही. दादा रोज स्वतःवरच चिडायचा, एवढं बोलायले नको होतं म्हणायचा. रायपूरची जागा अजून रिकामी होती. मग एक दिवस केटरर आपल्या मुख्य आचाऱ्याला घेऊन आला, त्याला चाक फिरवायला लावलं आणि वजनाचं नाव न काढता विचारलं, "कधीपर्यंत द्याल?"

धंदा उभा राहिला असं म्हणता येईल, पण निवांत झाला नाही. वर्षभरात शेजारच्या दुर्गच्या एका दुकानात आमच्यासारखाच स्टँड दिसला. दादा जाऊन पाहून आला. गिअरऐवजी साखळी होती, पण विकला जात होता. आमचं एक गिऱ्हाईक तिकडे गेलंही. त्या संध्याकाळी मला वाटलं, आता परत भाव उतरवायची गोष्ट निघणार. दादा म्हणाला, "उद्या सकाळी माह्यासोबत चालशील?"

आम्ही पद्मनाभपूरच्या एका मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात गेलो. तिथे आमचाच स्टँड होता. भिंतीशी उभं राहून आम्ही बघत होतो. आचारीण वैतागली, "क्या देख रहे हो?"

"कुछ नहीं, अपना काम करो," दादा म्हणाला.

बाई बुटकी होती. चाकापर्यंत हात पोचावा म्हणून तिनं पायाखाली विटा रचल्या होत्या आणि त्यातली वरची डुगडुगत होती. मी दादाला सांगायला वळले, तोवर तो पुढे गेला होता. तिचा भात वेळून होईपर्यंत तो ती वीट बुटानं दाबून उभा राहिला.