पॉलिस्टरचा दोरा आणि आत्याचा नळ

सुरतमधल्या लिंबायतच्या आमच्या खोलीत पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. कापडाच्या लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, सुटल्यावर वडील कामगारांच्या सभांना जात आणि येताना पत्रकं आणत. तीच वाचत मी मोठी झाले. पाणी हा हक्क आहे, उपकार नव्हे, हे वाक्य मला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं.

खानदेशातल्या आमच्या गावात मात्र हे हक्काचं पाणी टँकरने आटलेल्या विहिरीत ओतलं जाई आणि गढूळ होऊन वर येई. गावात एकटी राहणारी माझी आत्या ते पिऊन सारखी आजारी पडे. एका उन्हाळ्यात तिला सलाइन लावावं लागलं, तेव्हा वडिलांनी बजावलं, "येत्या आखाजीपर्यंत तुझ्या गल्लीत चांगलं पाणी आलं नाही, तर तुला सुरतला नेणार."

"तुन्ही त्या खोलीमा? मी नही येवाव," आत्या म्हणाली.

मग आमच्या गावचे लिंबायतमधले लूम कामगार एका रविवारी आमच्या जिन्यावर जमले. गावच्या वरच्या अंगाला एका शेतातली विहीर बारमाही होती, पाणी तपासून घेतलेलं होतं. तिथून टाकी भरायची आणि टाकीपासून आत्याच्या गल्लीपर्यंत पाइप टाकायचा, असं ठरलं. कुणीतरी म्हणालं, सुरतजवळच्या सचिन भागातल्या, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग कारखान्यातले जुने पाइप फुकट मिळतील. मी ताडकन उठले.

"रंगाच्या पाइपातलं पाणी आपल्या आयाबहिणींनी प्यायचं? मालकानं पाजलं असतं तर आपण मोर्चा काढला असता!"

"नवे घेऊ, माय, नवेच घेऊ," शेजारचे काका म्हणाले. "पण तू खाली बैस, जिना हालतोय."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमची माणसं गावी जातातच. त्या वर्षी ती दोन दिवस आधी गेली, नवे लोखंडी पाइप घेऊन. पाइपांच्या आट्यांवर दोरा गुंडाळून जोड आवळायचे असतात. त्यासाठी सगळ्यांनी मोठ्या अभिमानाने कारखान्यातला पॉलिस्टरचा दोरा आणला होता. तुटत नाही, कुजत नाही. पाणी सोडलं आणि जोडाजोडातून कारंजी उडाली. कितीही आवळलं तरी गळती थांबेना. पाइपाच्या अगदी टोकाला असलेल्या आत्याच्या नळातून नुसती हवा फुसफुसली. वडील तिला म्हणाले, "पिशवी भर."

आत्याने पिशवी भरली नाही. एका जोडावरचा ओला दोरा तिने नखाने ओढून पाहिला.

"सुरतले जाईसन कापूस इसरी गयात का रे? हाऊ दोरा पानी पेत नही, फुगत नही!"

गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कापूस पिकवणाऱ्या गावची आमची माणसं मान खाली घालून हसू लागली. मग घराघरातून गोधड्या शिवायचं सूत आलं. एकेक जोड उकलून त्याला सफेदा, म्हणजे नळजोडणीचं पांढरं लुकण, फासला, वर सूत गुंडाळलं. सूत भिजलं, फुगलं, गळती बंद झाली. ऊन उतरताना आत्याच्या नळाला धार लागली. नितळ.

वडील आखाजी करून एकटेच सुरतला परतले. आता आत्या फोन करते तो नळावरच्या भांडणांबद्दल. अमकीने हंडा मध्ये घुसवला, तमकी नळ उघडाच टाकून गेली. हे ऐकून मला लगेच नियमांचं पत्रक लिहावंसं वाटतं. वडील मला गप्प बसवतात आणि फोन कानाला घट्ट लावून म्हणतात, "हां, मग तू काय म्हणालीस?"