मिस्त्रींच्या पाच फुल्या

परळच्या रेल्वे कारखान्यात मी कारकून होतो, आणि नसत्या चौकशा करणं हा माझा जुना रोग. परदेशी पाहुण्यांसाठी मुंबईहून नागपूरला एक खास गाडी जायची ठरली, तीही जुन्या वाफेच्या इंजिनावर. आमच्याकडे तशी दोन म्हातारी इंजिनं उभी होती. एक गाडीला लागणार, दुसरं भंगारात जाणार. बॉयलर तपासणाऱ्या मिस्त्रींच्या नोंदी उतरवून घ्यायला साहेबांनी मला धाडलं.

मिस्त्री मूळचे मालवणचे, राहायला लालबागला. दोनांतल्या एका इंजिनावर ते उमेदवारीपासून राबलेले. दुपारचा डबाही त्याच्याच सावलीत उघडायचे. ते भंगारात जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. बोलून दाखवत नसत, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

इंजिनाच्या विझलेल्या भट्टीच्या तोंडातून आम्ही आत शिरलो. आतल्या पत्र्यावर शेकडो बोल्टांची डोकी. मिस्त्री एकेकावर हातोडी मारत आणि तुटलेल्यावर खडूने फुली काढत. फुली असलेलेच बोल्ट पुढे बदलले जायचे. तुटलेला बोल्ट बद्द वाजतो, हे मी ऐकून होतो. पण रिबिटं ठोकून मिस्त्रींचे कान तर कधीच गेलेले! मी खुणेने विचारलंच.

"कानान नाय रे, मनगटान आयकूचा," ते म्हणाले. "बरो बोल्ट हातोडी परत फेकता. मेलेलो गिळता."

त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. मी मारली, आणि खरंच, मेलेल्या बोल्टाने ती गिळली. मला काय आनंद झाला!

दुसऱ्या इंजिनात चार फुल्या निघाल्या. मिस्त्रींच्या इंजिनात पाच. सकाळी साहेब स्वतः फुल्या मोजणार होते; ज्यात कमी, ते गाडीला लागायचं.

संध्याकाळी मिस्त्रींच्या इंजिनावर कुणीतरी त्याच खडूने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' लिहिलेलं साहेबांना दिसलं. पुसायला कुणी पुढे होईना, तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं. मनातल्या मनात साहेबांना शिव्या घालत मी पुसलं आणि तिथेच पडलेला खडू खिशात टाकला. फडकं हातात होतंच. मी भट्टीत शिरलो आणि दोन फुल्याही पुसून टाकल्या.

सकाळी साहेब यायच्या आत मिस्त्री पुन्हा हातोडी घेऊन आत गेले. बाहेर आले ते सरळ माझ्यापुढे. माझ्या कालच्याच सदऱ्याच्या बाहीवर काजळी होती, आणि त्यात खडूची पांढरी भुकटी.

"गाडीत माणसा बसतली रे," एवढंच म्हणाले. माझ्या खिशातला खडू काढून घेऊन ते आत गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खास गाडी निघाली त्या दिवशी आम्ही सगळे कुंपणाशी उभे होतो. दुसरं इंजिन ऐटीत धूर सोडत समोरून गेलं. मिस्त्रींनी कुंपणाच्या लोखंडी खांबावर तळहात टेकवला होता.

"बरा चालता," ते म्हणाले.

गाडी दिसेनाशी झाली. आमच्या मागे त्यांचं इंजिन फोडायला सुरुवात झाली होती. घणाचा पहिला घाव मी ऐकला. मिस्त्रींनी खांबावरचा हात काढला आणि खिशात घातला.