भिंतीकडचं टेबल

राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर, अठ्ठ्याण्णव साली एक नवं रेस्टॉरंट उघडलं. दाराशी पाटी होती : 'हॅपी अवर, चार ते सहा, छोटी प्लेट आधे दाम.' संताजी भोइटे दर बुधवारी आणि शनिवारी चारच्या ठोक्याला तिथं हजर असत. मिलमध्ये पहिली पाळी साडेतीनला सुटायची आणि चारला पोटात कावळे ओरडायचे. मिल बंद होऊन सहा वर्षं झाली होती. कावळ्यांना ते कुणी कळवलं नव्हतं.

बसायचे ते मधल्या, चौघांच्या टेबलावर. आधी भुट्ट्याचा कीस, मग अर्धा दहीवडा, शेवटी मंचुरियनचे तीन लाल गोळे. मंचुरियन त्यांना आवडत नसे, पण ते यायला पंधरा मिनिटं लागत, आणि संताजींना बसायचं असे.

तीस वर्षं त्यांनी विणाई खात्यात काढली होती. शेकडो मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसे. तिथली माणसं आवाज न काढता, नुसते ओठ रुंद हलवून बोलत. घरची भांडणं, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, चहाड्या, सगळं चार माग ओलांडून वाचलं जाई. मागांनी कान खाल्ले आणि ही विद्या तेवढी मागे ठेवली. बायको गेल्यावर परदेशीपुऱ्याच्या खोलीत ओठ हलवणारं कुणी उरलं नाही. मुलगी चारुलता पुण्याहून शेजाऱ्यांकडे फोन करी. फोनला ओठ नसतात. संताजी "हो, हो, बरं आहे" म्हणत आणि अंदाजाने फोन ठेवत.

इथं मात्र ते प्रत्येक टेबलाचे पाहुणे होते. विशेषतः खिडकीजवळच्या दोन मुलींचे. त्यांतल्या अमिताला उज्जैनचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, पण लग्नानंतर नोकरी सोड म्हणणारा. तीन आठवडे संताजी ते प्रकरण पाहत होते. "बुधवारी सांगते, हो की नाही," असं अमिता त्या शनिवारी मैत्रिणीला म्हणाली. हिनं नोकरी सोडू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. विचारलं कुणी नव्हतं.

त्याच वेळी काउंटरवर मॅनेजर दिवाकर वेटर बंडूशी बोलताना दिसला.

"तो म्हातारा बघ. चार की टेबल पे अकेला. आणि पोरींकडे टक लावून बसतो. लोग क्या बोलेंगे? त्याला सांग, बुधवारपासून नको."

संताजींनी चमचा खाली ठेवला. खरं सांगावं, तर लोकांचं बोलणं ओठांवरून चोरून वाचतो हे कबूल करावं लागणार. न सांगावं, तर त्याहून वाईट.

बंडू टॉवेल चाळवत आला. "काका, वो क्या है ना..."

"मला ते भिंतीकडचं टेबल देत जा बंडू. एकट्या माणसाला चौघांचं कशाला?"

बंडू थिजला. "तुम्हाला ऐकू आलं? इतक्या लांबून?"

"कान तेज आहेत आपले, भिया."

बंडू परत गेला. "हळू बोला साहेब, काका के कान गजब के हैं," हे त्याचे ओठ संताजींनी वाचले. क्षणभर त्यांना बरंही वाटलं.

बुधवारी जिन्यात अमिता आणि तिची मैत्रीण त्यांच्या पुढेच होत्या. दोघी खिडकीजवळ गेल्या. संताजी भिंतीशी बसले. खुर्ची जमिनीला ठोकलेली, तोंड भिंतीकडे. भिंत पिस्ता रंगाची, मध्ये एक खिळा. कीस आला, दहीवडा आला. चव तीच होती. एकदा त्यांनी मान वळवली. दिवाकर काउंटरवरून त्यांच्याकडेच बघत होता. मान सरळ केली. खुर्ची फिरवून मागायची सोय नव्हती, आणि तेज कानांच्या माणसानं मागावी तरी कशासाठी? त्यांनी मंचुरियन मागवलं.

पाचला दिवाकर कामासाठी बाहेर पडला. बंडू लगबगीनं येऊन त्यांच्या पाठीमागे उभा राहिला.

"काका, साहेब गेले. तुमची टेबल खाली है. चला, उधर बसा."

संताजी खिळ्याकडे बघत राहिले.

"काका, चला ना. मी उचलतो प्लेट."

मान हलली नाही. इतके गजब कान, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करतात. "नाराज झाले," बंडू पुटपुटला. त्यानं मागूनच हात घालून ग्लास भरला आणि तो निघून गेला.

काठोकाठ भरलेला ग्लास बघून संताजींनी मागे वळून पाहिलं. बंडूची पाठ दिसली. खिडकीजवळ अमिता दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होती, पण आता ती मैत्रिणीच्या बाजूला, काचेकडे तोंड करून बसलेली होती.

मंचुरियन आलं. त्यांनी तिन्ही गोळे खाल्ले. सहाला उठले, तेव्हा खिडकीजवळचं टेबल बंडू फडक्यानं पुसत होता.