यादीतला शेवटचा प्रयोग

काल दवाखान्यात नर्सने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि मी थेट पंचवीस वर्षांमागच्या नागपुरात, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत पोचले. मार्चची दुपार, टेबलावर स्पिरिटचा दिवा, हातात माझी यादी. दुसऱ्या दिवशी मुलींची भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि प्रयोग निवडायचं काम माझ्यावर, म्हणजे सगळ्यांत नव्या शिक्षिकेवर होतं.

प्रयोगशाळा सांभाळणारे पुंडलिककाका यादी पाहून म्हणाले, "बाई, गरम पाणी निवण्याचा प्रयोग काहून घेतला? पाणी निवूनच नाही राहिलं."

खरंच, पारा चाळिसाशी अडकला होता. मी प्रयोग खोडला.

"मग लंबक?"

"पंख्यानं हलते. अन् पंखा बंद केला, तर पोरी चक्कर येऊन पडतीन."

तोही खोडला. मुलींचे गुण माझ्या हाती होते. मी यादी पुन्हा वरून खाली वाचू लागले.

काका खिडकीकडे बघत म्हणाले, "ऊनच लागते, असा नाही काय एखादा?"

मी लिहिलं : बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर, सूर्यप्रकाशात.

मुली पास झाल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या निवडीचं कौतुक केलं. यादी अजून फायलीत आहे, अक्षर माझंच आहे. पण निवड कोणाची म्हणायची, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.