सरळ पानांची सतरा रोपं

शुन्साकु कुरोकीनं शुक्रवारी दुपारी उरागामीबाईंची सतरा रोपं परस्पर वाटून टाकली आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. आपण आता शिक्षक झाल्यातच जमा आहोत, असं त्याला वाटत होतं.

तो तीन आठवडे सराव-पाठ घ्यायला आपल्याच जुन्या हायस्कुलात आला होता. ज्या बाईंनी त्याला जीवशास्त्र शिकवलं, त्यांच्याच हाताखाली. शुक्रवारी बाई सभेला निघाल्या आणि जाताजाता म्हणाल्या, "काचघरातली गारवेल निवडून ठेव. वाकडी एकीकडे, सरळ एकीकडे."

ट्रेमध्ये तेवीस रोपं होती. सहांची पहिली दोन पानं विस्तवाजवळ धरलेल्या केसांसारखी आखडलेली, बाकी सतरांची चारचौघांसारखी सरळ. बाईंची गारवेल सगळ्या गावाला ठाऊक होती. पाकळ्या चिरत चिरत गेलेल्या, सिंहाच्या आयाळीसारख्या. ऑगस्टमध्ये पोस्टमन सायकल लावून त्यांचे फोटो काढायचा. ती फुलं वाकड्यांनाच येतात, एवढं शुन्साकुला माहीत होतं. म्हणजे सरळ रोपं कचरा!

कुंपणापलीकडे प्राथमिक शाळा. तिथं पहिलीतलं प्रत्येक पोर निळ्या कुंडीत गारवेल लावतं आणि वहीत तिची चित्रं काढतं. त्या आठवड्यात कावळ्यांनी नेमक्या सतरा कुंड्या साफ केल्या होत्या. सतरा! शुन्साकुला हा वरचा इशाराच वाटला. त्यानं ट्रे कुंपणावरून दिला. पहिलीच्या वर्गानं एका सुरात वाकून आभार मानले, तेव्हा त्याला जरा भरूनसुद्धा आलं.

सोमवारी सकाळी बाई काचघरात आल्या.

"छान निवडलीस. सरळ कुठायत?"

"शेजारच्या शाळेत दिली, बाई. वाया कशाला घालवायची?"

बाई आधी हसल्या. मग त्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि शेजारच्या पालथ्या बादलीवर बसल्या. चौतीस वर्षांच्या नोकरीत शाळेच्या वेळात बाईंना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नळ ठिबकत होता, तो बंद करावा की नाही हेही शुन्साकुला सुचेना.

"ही सहा फुलतील," त्या शेवटी म्हणाल्या. "झकास फुलतील. पण बी धरणार नाहीत. एकसुद्धा. बी येतं ते त्यांच्या सरळ भावंडांना. वाकडेपणा त्यांच्या पोटात लपून असतो आणि पुढच्या पिढीत चारातल्या एकात वर येतो. तुला अकरावीत शिकवलं होतं ना मी हे?"

"हो, बाई."

"किती मार्क पडले होते?"

"ब्याण्णव."

"ते मार्क परत कर."

शुन्साकुनं घाबरत विचारलं, "दुसरं बी असेल ना, बाई?"

नव्हतं. गेल्या वर्षीच्या पुरात बियांचं कपाट नदीनं नेलं होतं. बाईंच्या पर्समध्ये होतं म्हणून एक पाकीट वाचलं, चोवीस बियांचं. तेच पेरलं होतं. ही वेल बाईंना नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या मास्तरांनी दिली होती. एक उन्हाळा चुकला की संपलं, एवढंच ते म्हणाले होते. चौतीस उन्हाळे चुकले नव्हते. येत्या मार्चमध्ये बाई निवृत्त होणार होत्या.

अकरावीच्या तासाला बाईंनी शुन्साकुला फळ्यापाशी उभं केलं.

"निसर्गात निवड कशी होते ते आपण गेल्या तासाला पाहिलं. आज माणसानं केलेली निवड. नमुना समोर उभा आहे."

"सर, तुम्ही सगळी सरळच दिलीत?" योनेकुरा नावाच्या आगाऊ पोरानं विचारलं. "एखादं तरी चुकून ठेवायचं!"

"माझं काम फार नीटनेटकं असतं," शुन्साकु पुटपुटला. वर्ग फिदीफिदी हसला, पण बाई हसल्या नाहीत.

मधल्या सुट्टीत दोघं शेजारच्या शाळेत गेली. वाटेत बाई मनाशी वाक्य जुळवत होत्या: माफ करा, आमची रोपं परत द्या. कुंड्या भिंतीशी रांगेत होत्या, प्रत्येकीवर पोराचं नाव, आणि काहींवर रोपाचंही. पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी कुंडीवर छत्री धरून उभी होती. तिचं नाव काझुहा.

"आजी, पाणी नका घालू, मी घातलंय," ती बाईंना म्हणाली. "आणि हे कावळ्यानं मारलं होतं, पण ते परत आलं."

बाईंनी जुळवलेलं वाक्य सोडून दिलं. त्यांनी पहिलीच्या शिक्षिकेला एवढंच सांगितलं, की शरद ऋतूत या सतरा कुंड्यांचं बी वेगवेगळं ठेवा, प्रत्येकीतलं थोडं मला द्या. शिक्षिका तीनदा वाकून हो म्हणाली.

परतताना बाई जरा सावरल्या. "सतरातल्या अकराएक रोपांच्या पोटात असणार. घाबरू नकोस." शुन्साकुचा सराव संपला आणि तो शिक्षक-भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करायला गेला. त्या उन्हाळ्यात सहा वाकड्या वेलींवर आयाळी फुलल्या, पोस्टमननं फोटो काढले, आणि बाई त्या फुलांकडे पाठ करून पाणी घालत राहिल्या.

नोव्हेंबरात शुन्साकु बी आणायला गेला, तेव्हा शिक्षिका बदलून गेली होती. नव्या बाईंनी त्याला मोठा रिकामा डबा दाखवला. दरवर्षीसारखं सगळ्या पोरांनी आपापलं बी त्यात ओतलं, सगळ्यांनी मिळून ढवळलं, आणि पाकिटं भरून चार बालवाड्यांना भेट दिली. पुढच्या पोरांना मागच्या पोरांकडून. वेलींच्या गोल माळा करून भिंतीवर टांगल्या होत्या. शुन्साकु त्या माळांकडे बघतच राहिला.

"मी नाही ओतलं," मागून आवाज आला. काझुहा. आता दात आले होते, मोठेमोठे. "माझं परत आलेलं आहे. ते का ओतायचं?" तिनं कंपासपेटी उघडली. खोडरबराखाली काळ्या बिया.

"मला देशील?"

"नाही."

"उसन्या?"

तिनं विचार केला. "दहा. आणि दहा परत."

शुन्साकुनं त्या बाईंच्या घरी नेल्या. "एकाच रोपाच्या," बाई हिशेब मांडत म्हणाल्या. "तीनात दोन वेळा पोटात असेल. एका वेळी नसेल." मग त्यांनी चहा ओतला.

शुन्साकु भरतीच्या परीक्षेत नापास झाला, म्हणून कायमची नोकरी हुकली आणि एप्रिलमध्ये तो बाईंच्याच जागी हंगामी शिक्षक लागला. खुर्चीत बसायची त्याची हिंमत होत नसे. मेअखेर त्यानं दहा बिया पेरल्या. नऊ उगवल्या. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं काचघराचं दार उघडलं आणि तिथल्या तिथं पालथ्या बादलीवर बसला.

फोन लावला. "बाई, दोन वाकडी आहेत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"सरळ किती?"

"सात."

"हात लावू नकोस कशाला. मी येते."

बाई घरातल्या चपलांतच आल्या. सात सरळ रोपांपुढे त्या उकिडव्या बसल्या, एकेका पानाला न शिवता बोट फिरवत. वाकड्या दोघांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात कुंपणावर दोन हात आणि एक डोकं उगवलं. काझुहा. आता ती दुसरीत होती.

"कुरोकी सर, माझ्या दहा?"

"अगं, अजून फूलसुद्धा नाही. शरद ऋतूत."

"बरं," काझुहा म्हणाली, आणि बोटं मोजत राहिली. "पण वेगळ्या ठेवा हं. ढवळू नका."