चार पानांवरची तांबडी काट

"इतिहास शिकवायलास का माझे गडी भडकवायलास?"

हेडमास्तर भर वर्गात ओरडले. माझ्या हातातलं पुस्तक ओढून टेबलावर आपटलं. बाकीच्या मास्तरांना ते 'तुम्ही' म्हणायचे. मला 'तू'.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जिंतूर तालुक्यातल्या एका गावची शाळा. मी नववीला जगाचा इतिहास शिकवायचो. आदिमानवापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सगळं एका वर्षात, आठवड्याला दोन तास. त्या दिवशी गुलामांच्या व्यापाराचा धडा होता. सुमननं विचारलं होतं, "गुरुजी, आमच्या बापाचं साल पाडव्याला सरतंय. गुलामाचं कवा सरायचं?"

तिचा बाप हेडमास्तरांच्याच शेतावर सालगडी. हेडमास्तर व्हरांड्यात उभे होते.

"सरायचंच नाही," मी म्हणालो. एवढंच.

"वर्ष केवढं अन् जग केवढं," ते आता सगळ्यांना ऐकवत म्हणाले. "कायतरी गाळावंच लागतंय. ह्यो धडा गाळ. तुझ्या वस्तीत शिकव, तिथं लय चालंल." माझ्या हातात तांबडी पेन्सिल दिली. "पोरांकडून काट मारून घे. मी बघतो."

आम्ही बौद्ध. माझा बापही सालगडीच होता. पण नोकरी कायम व्हायला चार महिने उरले होते.

"चार पानांवर काट मारा," मी म्हणालो. "परीक्षेला येणार नाही."

सगळ्यांनी मारली. सुमननं मारली नाही. मी तिच्या बाकापाशी गेलो आणि तिच्या पुस्तकावर माझ्या हातानं तांबडी काट ओढली. हे हेडमास्तरांनी सांगितलं नव्हतं.

नोकरी कायम झाली. सुमन दिवाळीनंतर शाळेत आली नाही, कापूस वेचायला गेली. मी चौकशी केली नाही. पुढच्या वर्षी तो धडा कुणी न सांगता मीच गाळला.

दोन वर्षांनी तिची धाकटी बहीण नववीत आली. पुस्तक तेच; घरात पुस्तकं अशीच खाली उतरायची. तो धडा गाळून मी पुढचा उघडायला सांगितला. ती उभी राहिली.

"गुरुजी, आक्का म्हनती, ही काट तुमची हाय. तुमीच पुसून द्या."

वर्ग हसला. मी रबर घेतलं. तांबडं निघेना, पान फाटायला लागलं. मग काटेखालचा मजकूर मी मोठ्यानं वाचू लागलो. हेडमास्तर दारात आले.

"मास्तर, बाहेर ये!"

"तास संपल्यावर येतो," मी म्हणालो. आणि वाचत राहिलो. पुढं त्यांनी मला जे भोगायला लावलं ते सांगत बसत नाही. सुमनच्या मानानं ते काहीच नव्हतं.

निवृत्तीच्या सत्कारात मी म्हणालो, जगाचा इतिहास एका वर्षात मावत नाही, काही धडे राहून जातात. टाळ्या पडल्या. खोटं बोललो. तो धडा राहून गेला नव्हता. तास होता, पुस्तक होतं, विचारणारी होती. काट मी मारली.

सुमन आता ताडकळसला असते. या रविवारी हे सगळं लिहिलेला हा कागद घेऊन तिच्या दारात जाणार आहे. तिच्या लेकी-सुनांसमोर मोठ्यानं वाचणार आहे. माफी मागणार नाही. माफी मागितली की तिलाच पुन्हा काहीतरी द्यावं लागेल.